फ्रेमवरचा नंबर

बाबांच्या रॅलेला वॉरंटी होती की नव्हती, हे आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही. खडकीच्या कारखान्याचा भोंगा गाठायचा, येताना हँडलच्या दोन्ही बाजूंना भाजीच्या पिशव्या लटकवायच्या, रविवारी कॅरियरवर गव्हाचं पोतं आणि दांडीवर मी अशी गिरणीची वारी करायची, असं ती काळी सायकल वर्षानुवर्षं राबली. मोडली नाही असं नाही. एकदा बाबा रिक्षाला धडकले आणि चिमटा मागे वाकला. पेठेतल्या सायकलवाल्याने चाक काढलं, चिमट्यात पहार घातली, फ्रेमला पाय लावून एक झटका दिला, एक डोळा मिटून पाहिलं, मग आणखी अर्धा झटका. झालं काम. पुढे कधीतरी मागचा सांधा उकलला, तोही त्याने गॅसवर पितळ सोडून संध्याकाळच्या आत जोडून दिला. त्या सायकलींच्या पोलादी नळ्या ‘लग’ नावाच्या सांध्याच्या कवचांमध्ये बसवून पितळाने झाळलेल्या असत. कारखान्याने जे केलं होतं, तेच गल्लीतला माणूस पुन्हा करू शकत होता. त्यामुळे कंपनीला पत्र लिहायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

नव्वदच्या दशकात मला जी सायकल मिळाली तिच्यावर तिरक्या अक्षरांत ‘एमटीबी’, म्हणजे माउंटन बाइक, असं लिहिलेलं होतं. जाड टायर, सरळ हँडल, आणि वजन बाबांच्या सायकलीइतकंच. तिने डोंगर लांबूनच पाहिला. तिच्याविषयी एवढं पुरे.

खरी माउंटन बाइक मोडतोडीतून जन्माला आली, हे मला खूप उशिरा वाचायला मिळालं. कॅलिफोर्नियात मरीन काउंटी आहे, तिथे माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर. सत्तरच्या दशकात तिथली काही पोरं तीस-चाळीसच्या दशकांतल्या श्विन कंपनीच्या जुन्या, दणकट सायकली भंगारातून आणून मातीच्या उतारावरून सोडायची. ब्रेक मागच्या हबमध्ये. एका उतरणीत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन निघून जायचं आणि खाली पोचल्यावर नवं भरावं लागायचं. त्यावरूनच त्या भागातल्या एका उताराला ‘रीपॅक’ नाव पडलं. १९७६ साली तिथे रीतसर शर्यत सुरू झाली. चिमटे वाकत, फ्रेमी तुटत. मग त्यांच्यातल्याच जो ब्रीझ या कारागिराने १९७७मध्ये क्रोमोली पोलादाच्या नळ्यांची, मुद्दाम याच कामासाठी एक फ्रेम बांधली आणि तिला बळकटीसाठी दोन जादा तिरक्या नळ्या दिल्या. १९८१मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजम्पर’ जपानी कारखान्यातून दुकानांत आली. म्हणजे ‘ही टिकेल का?’ हा प्रश्न या वाहनाच्या जन्माआधीचा आहे. शॉकॉब, डिस्कब्रेक हे सगळं नंतर.

माझ्याकडे खरी माउंटन बाइक आली तेव्हा पोटाने पट्ट्याची भोकं बदलायला लावली होती. ॲल्युमिनियमची फ्रेम, सव्वीस इंची चाकं. तळजाई, वेताळ टेकडी, पावसाळ्यानंतर मुळशीच्या बाजूचे बैलगाडीचे रस्ते. तिने मला सह्याद्रीतल्या दगडांचे प्रकार शिकवले. कोणता दगड चाकाखाली बसतो, कोणता सरकतो, कोणता मेल्यासारखा पडून असतो आणि ऐनवेळी उलटतो. फ्रेमकडे मात्र लक्ष जात नसे. फ्रेम चांगली असली की ती दिसतच नाही.

ती दिसली एका धुण्याच्या दिवशी. सीटची नळी आणि वरची नळी जिथे मिळतात तिथे, वेल्डिंगच्या कडेला, केसाइतकी बारीक रेघ. रंगाचा ओरखडा असेल म्हणून अंगठ्याचं नख फिरवलं, तर नख किंचित अडलं. आमचे मेहुणे चिंचवडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. त्यांना फोटो पाठवला तर ते स्वतःच तीन डबे घेऊन आले. “रंग खरवडायचा नाही,” आल्या आल्या त्यांनी बजावलं, “तक्रार करायचीय ना? मग पुरावा आहे तसाच राहू दे.” रेघेवर लाल द्रव फवारला. दहा मिनिटं चहा. मग फडक्याने सगळा लाल पुसून काढला, नळी पहिल्यासारखी स्वच्छ. त्यावर पांढऱ्या पावडरीचा हलका फवारा. आम्ही गॅलरीत उकिडवे बसून पाहत होतो. आधी काहीच नाही. मग पांढऱ्यातून एक लाल ठिपका वर आला, त्याच्या शेजारी दुसरा, आणि बघता बघता रेघ झाली. ती डोळ्यांना दिसली होती त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब होती, नळीला वळसा घालून मागे गेलेली.

“ही पडून झालेली नाही,” मेहुणे म्हणाले, “थकून झालीय.” मग त्यांनी व्होलरचं नाव काढलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मनीत रेल्वेचे आस अचानक तुटत, तेव्हा ऑगस्ट व्होलर या इंजिनियराने त्यांवर पुन्हा पुन्हा भार देऊन पाहिलं. एका दणक्यात धातू मोडायला जेवढं बळ लागतं त्याच्या बऱ्याच कमी बळानेही, ते सतत देत राहिलं तर तो मोडतो. तार पुढे-मागे वाकवून तोडतो तसं, फक्त वाकणं डोळ्यांना दिसत नाही. पोलादाला एक मर्यादा असते. ताण तिच्या खाली राहिला तर ते जवळजवळ कितीही वेळ सोसतं. ॲल्युमिनियमला अशी तळाची रेघच नाही. पुरेशा फेऱ्या झाल्या की कधीतरी तडा जाणारच.

यावरून पोलाद चांगलं आणि ॲल्युमिनियम वाईट असं ठरवून मोकळं होण्याचा मोह होतो. सायकलवाल्यांच्या कट्ट्यावर तसं ठरवून झालेलंच असतं. पण १९९७ साली जर्मनीच्या ‘टूर’ मासिकाने रस्त्यावरच्या सायकलींच्या बारा फ्रेमी यंत्रावर चढवून पायडलच्या दाबाने थकवल्या, तेव्हा शेवटपर्यंत टिकलेल्या तिनांत दोन ॲल्युमिनियमच्या होत्या आणि एक कार्बनची. पोलादी फ्रेमी मोडल्या. नळी किती जाड, सांध्याला काय आकार, वेल्डिंग कसं, यावर सगळं असतं. धातूचं नाव सांगून काही कळत नाही. आता तर माउंटन बाइकच्या फ्रेमीला आयएसओ ४२१० या मानकाप्रमाणे नुसत्या पायडलच्या चाचणीत १२०० न्यूटनचा दाब एक लाख वेळा सोसावा लागतो.

बाबा असते तर म्हणाले असते, आर्गन वेल्डिंगवाल्याकडे ने, शंभर रुपयांत काम. खरी अडचण तिथेच होती. या नळ्या वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यापाशी मऊ पडतात. म्हणून कारखान्यात अख्खी फ्रेम वेल्डिंगनंतर भट्टीत घालून पुन्हा कडक करतात. गल्लीतला आर्गनवाला तडा बुजवेल, पण त्याच्याकडे ती भट्टी कुठून येणार? त्या दिवशी वॉरंटीकडे पाहण्याची माझी नजर बदलली. तोवर मला तो विक्रीचा गोड पाक वाटत होता. पण सायकल हलकी करण्यासाठी कंपनीने दुरुस्ती गल्लीतून उचलून आपल्याकडे नेली आहे. मग वॉरंटी देणं कंपनीचं कर्तव्यच ठरतं. त्यात उपकार कसला?

दुकानदाराने मला तीन गोष्टी मागितल्या: बिल, पायडलच्या एक्सलखाली फ्रेमवर ठोकलेला नंबर, आणि सीटपोस्ट बाहेर काढून त्यावरच्या मर्यादेच्या रेघेचा फोटो. ही रेघ नळीच्या आत राहिली पाहिजे. सीट त्याहून वर ओढली तर नेमका हाच सांधा उकलतो आणि मग कंपनी हात वर करते, तेही रास्तपणे. बिल बायकोने घरपट्टीच्या पावत्यांच्या फाइलीत लावलं होतं. माझ्या एका मित्राची फ्रेम अशीच गेली होती. त्याने सायकल जुन्यात घेतली होती आणि ‘लाइफटाइम वॉरंटी’ बहुतेकदा पहिल्या मालकाबरोबर संपते. त्याच्या हाती उरला तो त्याच्या सायकलीच्या कंपनीचा नम्र इमेल. कितीतरी मॅन्युअलांत उड्या मारल्यास वॉरंटी नाही असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं, आणि त्याच सायकलीच्या जाहिरातीत स्वार जमिनीपासून चार हात वर असतो. हा चावटपणा मला अजून पचलेला नाही.

माझा दावा मंजूर झाला. अट एकच: जुनी फ्रेम कापून तिचा फोटो पाठवायचा, म्हणजे ती फिरून बाजारात येणार नाही. दुकानाच्या मागे मेकॅनिकने हॅक्सॉने खालची नळी मधोमध कापली. कापताना वाईट वाटलं, पण कापल्यावर कुतूहल जिंकलं. मध्यावर नळीची भिंत इतकी पातळ की याच्यावर आपण दगडांतून उतरत होतो यावर विश्वास बसेना. सांध्याजवळ कापलं तेव्हा भिंत चांगली जाड. ही टोकांना जाड, मध्ये पातळ नळीची युक्ती बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनल्ड्सने १८९७मध्ये पेटंट केली होती. बाहेरून हे काहीच दिसत नाही, आणि ग्राहक पैसे मोजतो ते मुख्यतः याचे.

नवी फ्रेम आली, पण तोवर सव्वीस इंची चाकांचा जमाना सरला होता. तिला साडेसत्तावीसची चाकं लागत, हेडट्यूब खाली रुंद, त्यामुळे माझा चिमटाही बसेना. वॉरंटी फ्रेमची, चाकांची नाही. कागदावर कंपनीचं काम संपलं होतं. दुकानदाराने तिथे फोन उचलला, दोन दिवस भांडला, आणि चिमटा व चाकं खरेदीच्या भावात मिळवून दिली. मजुरीही घेतली नाही, ओव्हरऑइलिंगचे तेवढे लावले. कंपनीच्या छापील कलमांत हे कुठेच बसत नव्हतं.

गेल्या दिवाळीत भाचीला सायकल घ्यायची होती. दुकान दुसरं, गाव दुसरं. विक्रेता गिअर किती, शॉकॉब कसला हे सांगत होता. मी त्याला विचारलं, “तुमच्याकडे या कंपनीच्या फ्रेमी तुटून परत आल्यात का?” तो जरा गोंधळला. मग आतून मालक बाहेर आले. “दोन आल्या,” ते म्हणाले. “एक बदलून दिली, दीड महिना लागला. दुसरी नाही दिली, पोराने सीट रेघेच्या वर ओढली होती.” मी म्हटलं, हीच घेऊ. भाचीला निळी हवी होती, शिल्लक होती ती केशरी. त्यावर त्यांची आणि तिची अजून बोलणी चालली होती तेवढ्यात मी बिल बनवायला सांगितलं, आणि नंबर त्यावर लिहायला लावला.