बेरीज नऊ

साताऱ्यात बांधकाम खात्याच्या आवारात रविवारी सकाळी आप्पा ॲम्बॅसेडरचं बॉनेट उघडायचे, चारी प्लग काढून जुन्या पेपरवर ओळीनं मांडायचे आणि पुढच्या बंपरमधून हँडल घालायला मला बोलवायचे. प्लग काढले की इंजिनात दाब धरत नाही, दहा वर्षांच्या पोरालाही ते फिरवता येतं. मी हँडल फिरवायचो. टॅपेट कव्हर काढलेलं असायचं आणि आप्पा उघड्या पडलेल्या आठ रॉकरांवर नजर लावून उभे.

"थांब. आठ."

मी ओरडायचो, "एक!"

आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की पहिल्याची फट मोजायची. सहावा उघडला तर तिसऱ्याची, चौथा उघडला तर पाचव्याची. बेरीज कायम नऊ. फट पंधरा थाऊ, म्हणजे इंचाच्या हजार भागांतले पंधरा. फिलर गेजचं पातं किती घट्ट जायला हवं, हे विचारल्यावर आप्पा म्हणाले होते, "चिकाटलेल्या बोटातनं कागद वडल्यागत." मी पुढं इंजिनिअरिंगला गेलो, तिथल्या कुठल्याही पुस्तकात याहून बरी व्याख्या सापडली नाही.

गाडी अर्थातच साहेबांची, म्हणजे सरकारची. तिच्यात बसून आम्ही कुठं गेलो नाही. आजोळी जाताना आई, मी आणि दोन पिशव्या यष्टी स्टँडपर्यंत चालत. पांढऱ्या ॲम्बॅसेडरचा माझ्याशी संबंध हँडलापुरता आणि तिच्या आवाजापुरता. टॅपेटची ती बारीक टकटक गल्लीच्या तोंडाशी आली की आप्पा साहेबांना सोडून निघालेत, हे घरात कळायचं.

1998 मध्ये मी नोकरीसाठी कॉव्हेन्ट्रीला आलो. गाड्यांचं शहर. काम दरवाजांच्या बिजागऱ्यांचं, तेही पडद्यावर. दिवसभर बिजागरी फिरवून पाहायची आणि संध्याकाळी हात स्वच्छ धुतलेलेच. 2006 मध्ये दोन गल्ल्या पलीकडच्या एका घराच्या गॅरेजात, गाद्या आणि रंगाच्या डब्यांखाली, मला एक एमजीबी जीटी दिसली. 1972 ची, मूळ रंग मोरपंखी. इंग्रजीत त्याला टील म्हणतात, पण मोर पाहिलेल्या माणसाला ते नाव पुरत नाही. टायर बसलेले, काचेच्या रबरावर शेवाळ. मी बॉनेट उघडलं आणि उभाच राहिलो. हे इंजिन मला पाठ होतं.

खुलासा नंतर वाचून झाला. ॲम्बॅसेडर म्हणजे ऑक्सफर्डजवळच्या काउलीत बनणाऱ्या मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेचा हिंदुस्थानी अवतार. तिच्यात 1489 सीसीचं बी-सीरिज इंजिन बसवत. तेच इंजिन, दोन कार्बोरेटर लावून, 1955 पासून एमजीए नावाच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये होतं. एमजीए जाऊन 1962 मध्ये एमजीबी आली तेव्हा ते वाढवून 1798 सीसीचं केलं. म्हणजे लंडनच्या तरुणांनी छप्पर उघडून ज्याच्यावर मिरवलं, त्याच खानदानातल्या इंजिनावर आमचे आप्पा कार्यकारी अभियंत्यांना कोयनेच्या पाहणीला नेत होते. एमजीचा अर्थही मॉरिस गॅरेजेस. नातं चुलत नव्हे, सख्खं.

गाडी ज्याच्याकडून घेतली त्याचं म्हणणं, सांगाडा पक्का आहे, नुकतंच वेल्डिंग केलंय. एमजीबीला वेगळी चेसीस नाही, पत्र्याचं अंग हाच सांगाडा. दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत एक पोकळ पेटी जाते, तिला सिल म्हणतात. सारा भार तिच्यावर. मी स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. नवा पत्रा कुजक्या पत्र्यावर नुसता चिकटवलेला, वर बोटभर लांबी भरलेली आणि लांबीला आधार म्हणून आत कोंबलेली वर्तमानपत्रं. पानं बाहेर काढून वाळवली. त्यांत फुटबॉलचे निकाल होते. हे वेल्डिंग करणाऱ्याचा मला राग आला, पण खरं सांगायचं तर साताऱ्यातही गाडी विकायच्या आधी लोक असंच करत.

पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या, त्यामुळं हिचा सुटा भाग मिळत नाही असं सहसा होत नाही. मूळ साचे शोधून काढून 1988 पासून इंग्लंडमध्ये अख्खी नवी बॉडी पुन्हा बनवायला लागले, ती पैसे टाकून घरपोच येते. एका मित्राचा सल्ला तोच होता: नवी बॉडी घे, जुनं इंजिन टाक, सहा महिन्यांत मोकळा. मी ऐकलं नाही. यात तत्त्व कमी आणि चिकटपणा जास्त होता, असं बायकोचं मत आहे.

मग आठ वर्षं गेली. त्यातल्या बहुतेकांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. थंडी, गंज आणि बिलं. 1973 च्या आधीची गाडी म्हणून रोड टॅक्स माफ होता, पण रस्त्यावर आली तरच त्याचा उपयोग. सिलबद्दल मात्र सांगतो. जुना सिल कापण्याआधी सांगाडा आतून आडव्या पट्ट्या ठोकून बांधून घ्यायचा, नाहीतर मधोमध गाडी खचते आणि दार पुन्हा बसत नाही. मी बांधून घेतला, कापला, नवा सिल ओळीत धरला, थोडं वेल्डिंग केलं की दार लावून बघायचं, परत थोडं. एकदा घाईत सलग टाका मारला. उष्णतेनं पत्रा ओढला गेला आणि दाराची मागची फट वर चार मिलिमीटर, खाली आठ. दारांच्या बिजागऱ्यांवर पोट भरणारा माणूस गॅरेजच्या फरशीवर बसून त्या फटीकडं अर्धा तास बघत होता. सगळं परत कापलं.

2011 च्या उन्हाळ्यात आप्पा तीन महिने आले. आई गेल्यानंतरची त्यांची पहिली फेरी. घर, बाग, सुपरमार्केट सगळं त्यांनी बघितल्यासारखं केलं. गॅरेजात नेलं तेव्हा गाडीची फरशी नव्हती, खालची जमीन दिसत होती. त्यांनी सांगाड्याकडं पाहिलंही नाही. स्टँडवर नवं बोअरिंग करून आणलेलं इंजिन होतं. त्यावर हात ठेवून म्हणाले, "हे आपलंच हाय की."

"आपलंच, आप्पा. थोडं मोठं."

"दोन कारबोरेटर कशाला ह्येला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघालो तर ते माझा जुना कोट घालून गॅरेजात. शनिवारी आम्ही टॅपेट लावायला घेतले. आता हँडल नव्हतं. पुलीच्या नटाला पाना लावून मी इंजिन फिरवायचो. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. आप्पा पंचाहत्तरचे, एक डोळा मोतीबिंदूनंतर नुकता उघडलेला.

"थांब. आठ."

"एक."

मी फट विचारली. इंग्लंडच्या पुस्तकातही तीच, पंधरा थाऊ. आप्पांनी पुस्तक बघायला मागितलं नाही. मी म्हटलं, थोडी कमी ठेवली तर आवाज कमी येईल. ते म्हणाले, "वाजतंय तंवर बरं आसतंय. गप झाला की व्हॉल्व जळतो." यंत्रशास्त्र असंच आहे. फट उरली नाही की व्हॉल्व्ह नीट टेकत नाही, आणि टेकला नाही की त्याची उष्णता बाहेर जायला वाट नाही. हे मी चार वर्षं शिकून पास झालो होतो. आप्पा मॅट्रिक नव्हते. मला ते नुसते ड्रायव्हर वाटायचे, आणि कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी "सरकारी नोकरी" एवढंच लिहीत असे.

2013 मध्ये आप्पा गेले. 2014 च्या मे महिन्यात उत्तरपाड्याला ॲम्बॅसेडरचं उत्पादन थांबल्याची बातमी आली. त्याच महिन्यात माझी गाडी सुरू व्हायची होती. योगायोगाला मी फार किंमत देत नाही, पण पेपर गॅरेजात ठेवून दिला. किल्ली फिरवली तर मागच्या पेट्रोल पंपानं टिकटिक करायला हवी. तो गप्प. या गाडीच्या पंपाचे पॉइंट चिकटतात. खाली शिरून पान्याच्या मागच्या टोकानं हलकेच ठोकलं, टिकटिक सुरू झाली. तिसऱ्या स्टार्टरला इंजिन पकडलं. धूर ओसरल्यावर ती टकटक ऐकू आली. आत स्वयंपाकघरात असलेली बायको बाहेर आली, म्हणाली, "साताऱ्यासारखं वाजतंय." ती एकदाच, लग्नानंतर, तिथल्या आवारात उभी होती.

ऑगस्टमध्ये ॲबिंग्डनला जाऊन आलो. 1980 मध्ये बंद झालेल्या एमजीच्या कारखान्याचं बघण्यासारखं फार नाही. चहा प्यायलो, परतलो.

खरी अडचण पाचशे मैलांनंतर आली. नवं गॅस्केट बसलं की हेडचे नट पुन्हा ओढावे लागतात. नट ओढले की हेड किंचित खाली बसतं आणि टॅपेटची फट बदलते. म्हणजे टॅपेट परत लावणं आलं. आप्पांच्या हातची ती आठ मापं मोडायची. मी दोनेक आठवडे टाळलं. मग एका रविवारी मुलीला बोलावलं. प्लग काढले, गाडी चौथ्या गियरात टाकली आणि तिला मागून हळूहळू ढकलायला सांगितलं, म्हणजे इंजिन फिरतं. नट ओढण्याआधी, नुसतं बघायला म्हणून, एकेक फट मोजली.

"थांब. आठ."

"व्हॉट डू आय से, बाबा?"

"नवातून वजा कर."

"वन."

सात फटी पंधरा निघाल्या. तीन वर्षांनी, बोटातून कागद ओढल्यागत. सहाव्याला पंधराचं पातं जाईना. चौदाचं गेलं. आप्पांचा उघडलेला डोळा त्या बाजूला नसावा, किंवा त्या वेळी पाना मी पुरता फिरवला नसेन.

नट ओढले. मग आठही पंधरा केले.