औषधाची बाटली

परवा पुतण्याच्या बाळाला सर्दी झाली. छातीला चोळायला थोडी ब्रँडी आहे का, म्हणून वहिनींनी विचारलं. कपाटातल्या बाटलीचं झाकण फिरवलं आणि त्या वासासरशी आजी आठवली. (सूनबाईंनी ती चोळू दिली नाही. तान्ह्या बाळाच्या कातडीतूनही दारू अंगात भिनते, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं.)

आजी सगळ्या एकादश्या करायची, चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य. पण थंडीत दमा उपटला की गरम पाण्यात एक चमचा ब्रँडी. चमचा चहाचा, तोही काठोकाठ नाही. नाक मुरडून घ्यायची, बूच घट्ट दाबायची आणि बाटली एरंडेलाच्या शेजारी ठेवून द्यायची. ती बाटली किती हिवाळे पुरली, देव जाणे.

सरकारचंही मत आजीसारखंच. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यात प्यायला परवाना लागतो, आणि तो मुळात प्रकृती राखण्यासाठी. हा कायदा महाराष्ट्रात अजून आहे. बारवर ‘परमिट रूम’ची पाटी दिसते ती त्यामुळेच. कागदोपत्री आपण सगळे आजारीच.

माझी दुखणीही बरीच होती. शुक्रवारी थकवा, सोमवारी साहेब, जुलैत पाऊस, रात्री झोप. औषध आजीचं, मात्रा माझी. घरी डोळ्यांच्या अंदाजाने ओतलेला ‘साठ’ मापात ओतून बघा, बहुधा नव्वद निघेल. आपल्याकडच्या 42.8 टक्क्यांच्या रमच्या तीस मिलीत सुमारे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं आणि ते निस्तरायला यकृताला तासभर तरी लागतो. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते. तीन वाजता डोळे टक्क. ऊबसुद्धा फसवी. रक्त कातडीकडे धावतं, गाल तापतात आणि अंगातली उष्णता बाहेर जाते. आजीला हे कुणी सांगितलं नव्हतं, पण तिचा चमचा तिला ठाऊक होता.

मग मी शपथ वगैरे न घेता दुखण्यांच्या यादीवर काट मारत गेलो. झोपेसाठी नाही. साहेबासाठी तर नाहीच, त्याची तेवढी लायकी नाही. थकव्याला साडेसातलाच पिठलं-भाकरी. पोट भरलं की आठची तलफ निम्मी होते. उरलं ते कधीमधी, निव्वळ आवडीचं. तेही मोजून.

शपथा गडकऱ्यांच्या सुधाकरनेही घेतल्या. 1919 साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’तला त्याचा पहिला प्यालाही औषधच: सनद गेल्याच्या दुःखावर तळीरामाने सुचवलेलं. लोक सुधाकरसाठी हळहळतात, माझा राग मात्र तळीरामावर. प्रत्येक टोळक्यात तो असतो. ‘आमच्यासाठी एक’ म्हणतो आणि अर्ध्या ग्लासातच वर ओततो, म्हणजे हिशेबच चुकावा. न पिणाऱ्याला तो सोडतो, कमी पिणाऱ्याला मात्र छळतो.

ज्याला पहिला घेतला की थांबताच येत नाही, त्याने माझं ऐकू नये. त्याला कमी पिणं नाही, पूर्ण सोडणंच. त्यासाठी पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून आहे. बाकी यजमानांना एवढंच सांगणं: पाहुणा एकदा ‘पुरे’ म्हणाला की बाटली आत न्या आणि पानं घ्या.