प्लेट खोला क्या?

लेहला पोस्टिंग आली तेव्हा मोटारसायकल सोबत न्यायची हा माझाच हट्ट. हिमालयन, ४११ सीसी. घरच्यांनी वेड्यात काढलं, पण चंदीगडपर्यंत रेल्वेने आणि पुढे मनालीवरून चालवत मी ती पोचवली. दुसऱ्याच महिन्यात एका नाल्यात पाण्याखालचा दगड इंजिनाच्या खाली असा काही आदळला की माझ्याच पोटात गोळा आला. मूळच्या गार्डला पोचा आला, बाकी निभावलं. इंजिनाच्या तळाशीच सगळं तेल असतं. तिथं तडा गेला तर गाडी जागच्या जागी बसते, आणि लडाखमध्ये जागच्या जागी म्हणजे कुठेही.

पुढच्या सुट्टीत पुण्याहून जाड ॲल्युमिनियमची स्किड प्लेट आणली. इंजिनाखाली चार बोल्टवर बसणारी ढालच ती. तिला तेलाच्या बोल्टखाली एक गोल भोक होतं. दुकानदार म्हणाला, "प्लेट काढायची गरजच नाही, तेल यातूनच काढा." मला ते फार आवडलं.

आमच्या शेजारी एलएडीत एक हवालदार होते, व्हेइकल मेकॅनिक, तिरुनेलवेलीकडचे. मी नायब सुभेदार, म्हणजे हुद्द्याने वर आणि वयानेही मोठा, पण मी त्यांना उस्तादच म्हणायचो. जानेवारीच्या थंडीत ज्याने रात्री उठून उठून गाड्या स्टार्ट केल्या आहेत, त्याला दुसरं काय म्हणणार? त्यांनी ते भोक पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "साब, ये छेद देखने के लिए है. काम के लिए प्लेट खोलो."

सप्टेंबरातल्या एका शनिवारी दुपारी तेल बदलायला बसलो. इंजिन दहा मिनिटं चालवून गरम केलं. थंड तेल तिकडे मधासारखं येतं आणि तळाचा गाळ आतच ठेवतं. मग प्लेटकडे पाहिलं. चार बोल्ट, त्यात चिखल वाळून बसलेला. सूर्य डोंगराआड गेला की तिथं बोटं काम करत नाहीत. भोकातून एक्स्टेन्शन घातलं, बोल्ट सोडला.

तेल आलं, पण सरळ खाली येईल तर ते तेल कसलं. अर्धं डब्यात, अर्धं प्लेटवर पसरलं. आतल्या कोपऱ्यांत हात पोचेना. चिंध्या खुपसून जमेल तेवढं पुसलं, बाकी सोडून दिलं. फिल्टर बदलला. बोल्टचा वॉशर मात्र जुनाच लावला, कारण नवा आणायचा राहिला होता. पाना फिरवता फिरवता अडला, तेव्हा वाटलं घट्ट झाला. नवं तेल ओतलं, काचेत पातळी पाहिली. बरोबर होती. जुनं तेल कॅनमध्ये भरून एलएडीत दिलं, कारण तिकडे जमिनीत ओतलेलं काहीही शेवटी कुणाच्या तरी झऱ्यात जातं.

रविवारी आउटपास काढून खारदुंग ला. मागे उस्ताद. लेहपासून वर साधारण चाळीस किलोमीटर. साउथ पुल्लूच्या चेकपोस्टवर थांबलो तेव्हा प्लेटच्या भोकाखाली दोन थेंब दिसले. मला लगेच कळलं, हे कालचंच सांडलेलं, आता गरम होऊन गळतंय. उस्ताद कागद दाखवायला पुढे गेले होते. मी बुटाने थेंबांवर माती लोटली. हे मला लिहायला आजही जड जातं, कारण ती माती मी का लोटली ते मला ठाऊक आहे. प्लेट न उघडल्याबद्दल बोलणी खायची नव्हती.

पुढचा रस्ता तुटका, खडी प्लेटवर ताडताड वाजत होती. वर फोटो काढला, चहा प्यालो. त्या उंचीवर पंधरा-वीस मिनिटांवर थांबू नये, म्हणून लगेच परत फिरलो.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर मागचं चाक निघून गेलं. ब्रेक नाही, वेग नाही, नुसतं दरीच्या बाजूला सरकलं. पाय टेकवले, गाडी कशीबशी उभी राहिली. कठड्याचे दगड तीन-चार फुटांवर. उस्ताद काही बोलले नाहीत. उतरले, चाकावरून बोट फिरवलं, वास घेतला. मग वाकून काचेत पाहिलं. काच रिकामी.

इंजिन निवेपर्यंत आम्ही दगडावर बसलो. मी साउथ पुल्लूचे थेंब सांगून टाकले. त्यांनी मान डोलावली. मग रस्त्यावर उताणे झोपून चारही बोल्ट काढले आणि प्लेट माझ्या हातात दिली. आत तेलाचं तळं. कालचं काळं खाली, आजचं सोनेरी वर. बोल्ट त्यांनी दोन बोटांनी फिरवून दाखवला. आदल्या दिवशी पाना अडला होता तो भोकाच्या काठाला. बोल्ट घट्ट झालाच नव्हता.

उरलेलं तेल बॅगेत होतं, तेवढं नशीब. बोल्ट आवळला, तेल ओतलं, टायर कोरड्या मातीने घासून घासून पुसला. प्लेट दोरीने मागे बांधली. परत चढताना उस्ताद म्हणाले, "साब, मेरी दो बेटियाँ हैं." रागाने नव्हे. माहिती दिल्यासारखं.

आता आम्ही दोघेही पेन्शनवर. संक्रांतीला मी फोन करतो, त्यांच्याकडे पोंगल असतो. थोरलीचं लग्न झालं, धाकटी नर्सिंग करते. गाडी अजून माझ्याकडेच आहे, हे त्यांना माहीत आहे.

"तेल बदली किया, साब?"

"किया."

मग थोडा वेळ फोनवर काहीच ऐकू येत नाही.

"प्लेट खोला क्या?"