दुःस्वप्नांची साक्ष

इतिहास शिकविताना शिलालेख, ताम्रपट व दस्तऐवज हे पुरावे असल्याचे आम्ही सांगतो. वसतिगृहात मध्यरात्री दचकून उठणाऱ्या लेकरांनी आम्हाला आणखी एका पुराव्याची ओळख करून दिली. तो म्हणजे दुःस्वप्न.

27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटविल्या गेल्या. हिंगोली तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. त्या जाळपोळीच्या वार्ता ऐकतच आमची पिढी वाढली. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. तरी अनेकांच्या स्वप्नांतील आग विझली नाही. कोणी त्यास बाहेरची बाधा म्हणे, कोणी अंगारा लावी. वस्तुतः ते कोंडलेले रडू होते.

तथागतांनी मेत्तेचे अकरा लाभ सांगितले. सुखाची झोप आणि दुःस्वप्नांपासून मुक्ती हे त्यांपैकीच. आधुनिक मानसोपचारातही भयस्वप्न दिवसा आठवून त्याचा शेवट बदलण्याचा व तो मनात घोळविण्याचा सराव करवून घेतात.

ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची लेकरे आजही स्वप्नात आईला शोधतात. आम्ही त्यांना गप्प करीत नाही. सकाळी जवळ बसवून विचारतो, "काय दिसलं रे बाळा?" सांगता सांगता त्यांचा आवाज स्थिरावतो.

पालकहो, लेकराचे स्वप्न हसण्यावारी नेऊ नका. ते शांतपणे ऐका. तेच वारंवार पडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. जखम कोठे आहे, हे कळल्यावाचून उपचार होत नाही.