आधी मुलीची संध्याकाळ

धाकट्या भावाची दारू सुटावी म्हणून मी जे जे केलं, त्यातलं बरंचसं चुकलं. त्याची उधारी फेडली, कामावर खोटे निरोप दिले. पण सगळ्यात वाईट हे, की त्या सगळ्या काळात माझं लक्ष त्याच्यावर होतं, त्याच्या पाच वर्षांच्या मुलीवर नव्हतं.

भावजय दुसऱ्या पाळीला जायची, त्यामुळे संध्याकाळी मुलगी बापाकडे. तो तिला स्कूटरवर पुढे उभी करून आणायचा, तेव्हा प्यायलेला असायचा, हे मला ठाऊक होतं. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. मी मात्र ‘हळू चालव रे’ एवढंच म्हणायचे. गॅस पेटता ठेवून तो झोपला, तेव्हा शेजारणीनं मला फोन केला. मी तिलाच विनवलं, कुणाजवळ बोलू नकोस.

मग कुणाकडून तरी डायसल्फिरामच्या गोळ्या आणल्या आणि त्याच्या आमटीत गुपचूप घालायला भावजयीला दिल्या. ही गोळी पोटात असताना दारू घेतली तर उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं देतात. एकदा ती वाटी मुलीपुढे गेली होती. भावजयीनं वेळेत ओढून घेतली.

तरीही शपथेची गोष्ट मला जास्त छळते. नातेवाइकांसमोर मी त्याला मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. ‘हिची शपथ घे.’ त्यानं रडत घेतली आणि आठवडाभरात मोडली. नंतर एका दुपारी मुलगी मला म्हणाली, “आत्या, बाबांनी शपथ मोडली ना? मग मी कधी मरणार?” किती दिवस ती हे मनात धरून बसली होती, कोण जाणे. पिण्याचा आजार बापाचा, आणि त्याचं ओझं मी त्या पोरीच्या डोक्यावर ठेवलं होतं.

पुढे मी अल-अनॉनच्या बैठकीला गेले. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी 1951 पासून चालत आलेली ही संघटना. तिथं मी भावाबद्दलच बोलत सुटले. एका बाईंनी थांबवून विचारलं, “आज संध्याकाळी मुलगी कुणाजवळ आहे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता शाळा सुटली की मुलगी माझ्याकडे येते, आई आली की घरी जाते. बापाच्या गाडीवर तिनं बसायचं नाही, हे त्याला शुद्धीत असताना तोंडावर सांगितलं. तो चिडला, महिनाभर बोलला नाही. चालेल. त्याचे उपचार सुरू आहेत, मध्येच घसरतो.

तुमच्या घरात असं मूल असेल, तर पिणारा सुधारेपर्यंत थांबू नका. मुलाची संध्याकाळ आजच कुणावर तरी सोपवा. घरचं कुणीच नसेल तर 1098 लावा. मुलांसाठीची ही हेल्पलाइन चोवीस तास चालते आणि फोनला पैसे पडत नाहीत.