सब्र कशाला म्हणावे?

२०२१ च्या बकरी ईदच्या दिवशी कोरोनामुळे नमाज घरीच पढायची होती. फजर झाल्यावर धाकटा टीव्ही लावून बसला. अमेरिकेतील एन.बी.ए. बास्केटबॉलच्या अंतिम फेरीचा सहावा सामना आपल्याकडे त्याच सकाळी दिसत होता. आम्हीही बसलो.

मिलवॉकी बक्सच्या यानिस आंतेतोकुंपोने एकट्याने ५० गुण केले. फ्री थ्रो ही त्याची दुखरी बाजू. त्या दिवशी १९ पैकी १७ आत गेले. ५० वर्षांनी मिलवॉकीने अजिंक्यपद मिळवले.

"अब्बा, पहिल्या वर्षी याला कोणी ओळखतही नव्हते," धाकटा म्हणाला.

खरेच आहे. अथेन्समध्ये नायजेरियन आईबापांच्या पोटी जन्मलेला हा मुलगा रस्त्यावर घड्याळे, गॉगल विकत वाढला. २०१३ पर्यंत त्याच्याकडे ग्रीसचे नागरिकत्वही नव्हते. त्याच वर्षी मिलवॉकीने त्याला पंधराव्या क्रमांकावर निवडले. पहिल्या हंगामात त्याची सरासरी जेमतेम ६.८ गुण आणि संघ ८२ पैकी ६७ सामने हरला. तरी त्याला ७७ सामन्यांत उतरवले. चुकू दिले, पुन्हा उतरवले.

याउलट डेट्रॉइट पिस्टन्सने २००३ मध्ये सर्बियाच्या डार्को मिलिचिचला दुसऱ्या क्रमांकावर निवडले. मुलगा अठरा वर्षांचा. पहिल्या हंगामात ३४ सामने, तेही सरासरी पाचेक मिनिटे. बाकी वेळ बाकावर. संघ बलाढ्य होता, २००४ मध्ये अजिंक्यही ठरला. म्हणून प्रशिक्षकाला सर्वस्वी दोषी धरता येत नाही. २००६ मध्ये डार्कोला दुसऱ्या संघाकडे देऊन टाकले. जास्त खेळवला असता तर तो घडलाच असता, असे छातीठोक सांगता येणार नाही. पण बाकावर बसून कोणी घडत नाही, एवढे नक्की.

संघाने तरुणांच्या बाबतीत धीर धरावा का, असे विचाराल तर आमचे उत्तर 'होय' आहे. मात्र मुलाला बाकावर बसवून वाट पाहणे म्हणजे सब्र नव्हे. त्याला मैदान द्यायचे आणि त्याच्या चुकांची किंमत आपण मोजायची, हा सब्र. मिलवॉकीने ती ६७ पराभवांनी मोजली.

हे आम्ही कोणत्या तोंडाने सांगतो? थोरला दहावीला गणितात एकदा नापास झाला, तेव्हा आम्हीच त्याला दुकानावर बसवले होते. दुसरी संधी मागायला तो आला होता. घरची ओढाताण आम्ही पुढे केली. ओढाताण खरी होती. पण फॉर्म भरण्याइतके पैसे होते.

सामना संपला. चटया अंथरल्या. इमामतीसाठी आम्ही थोरल्याला पुढे उभे केले. किरातीत तो एका ठिकाणी अडखळला. लुकमा ओठांवर आला होता, पण आम्ही थांबलो. त्याने आयत पुन्हा सुरू केली आणि पुढे गेला.