घड्याळाची चाल

दुरुस्तीहून परत आलेल्या घड्याळाकडे माणूस जितक्या संशयाने पाहतो, तितक्या संशयाने तो एरवी क्वचितच कशाकडे पाहत असेल. महिनोन्महिने पाच-पाच मिनिटे मागे पडणारे घड्याळ तो निमूटपणे हातावर वागवतो. पण तेच साफसूफ होऊन परत आले, की तासातासाला रेडिओच्या वेळेशी ताडून पाहतो. अर्ध्या मिनिटाचा फरक दिसला, की घड्याळजीच्या नावाने बोटे मोडू लागतो!

रोहा तालुक्यातील नागोठणे हे आंबा नदीच्या काठचे गाव. अशा गावातील एखाद्या वृद्ध गुरुजींच्या मनगटावर आजही किल्लीचे एच.एम.टी. घड्याळ दिसावे, यात नवल नाही. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने 1961 साली बंगळूरला ही घड्याळे होऊ लागली. 2016 साली केंद्र सरकारने घड्याळांची ती कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. पण ही वार्ता घड्याळांना कोणी कळवली नसावी. त्यांतील कितीतरी अजून चालतच आहेत.

घड्याळाच्या पोटात बॅलन्स नावाचे एक चिमुकले चक्र असते. केसासारख्या बारीक कमानीच्या ओढीने ते सारखे मागेपुढे झोके घेते. पुष्कळ जुन्या घड्याळांत सेकंदाला पाच ठोके पडतात; म्हणजे दिवसाकाठी 4,32,000! दिवसाचे सेकंद 86,400. त्यांत दहा सेकंदांची चूक झाली, तर ती 8,640 भागांत एका भागाचीच होय. पण वर्षे लोटतात तसे तेल घट्ट होते, धूळ साचते, कोकणातील दमट हवेने पोलादावर गंज चढतो. चक्राचा झोका आखूड होतो आणि घड्याळाची चाल बिघडते.

घड्याळजी डोळ्याला भिंग लावून सारे भाग सुटे करतो, धुतो, पुसतो आणि सुईच्या अग्राएवढा तेलाचा थेंब ज्या त्या जागी ठेवतो. चक्राचा झोका पुन्हा ऐसपैस होतो. झोका बदलला, की चालही बदलते. म्हणून वेग कमी-अधिक करणारी बारीक तरफ नव्याने जुळवावी लागते. मेजावर घड्याळ स्वस्थ आडवे पडलेले असते. मनगटावर मात्र ते कधी उभे, कधी तिरपे, कधी उलटेही होते. प्रत्येक स्थितीत त्याची चाल थोडी निराळी. मग पहिल्याच दिवशी निकाल देणे न्यायाचे होईल काय?

शहाणा माणूस आठ दिवस थांबतो. रोज ठरावीक वेळी तो किल्ली देतो, घड्याळ रेडिओशी ताडतो आणि त्या दिवसाचा फरक वहीत टिपतो. समजा, एका घड्याळाचे टिपण असे आहे : 12 सेकंद पुढे, 11 पुढे, 12 पुढे, 12 पुढे. दुसऱ्याचे असे : 20 पुढे, 15 मागे, 5 पुढे, 10 मागे. दुसऱ्याची बेरीज-वजाबाकी केली, तर उत्तर शून्य येते! तरीही चांगले घड्याळ पहिलेच. त्याची चूक ठाऊक आहे; तरफेला किंचित ढकलले, की ती सुटते. दुसरे उद्या काय करील, हे कोणी सांगावे?

चुकीचे कारण कधी घड्याळाबाहेरही असते. घड्याळ लोहचुंबकाजवळ राहिले, तर कमानीचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ मिनिटामिनिटांनी पुढे धावते. नाजूक यंत्रांना अशा शेजाराची बाधा होते. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय निरीक्षणांसाठी 1904 साली रायगड जिल्ह्यातीलच अलिबागला नवी वेधशाळा उभारावी लागली.

कुलाब्याची ती वेधशाळा 1826 साली स्थापन झाली, तेव्हा मुंबई बंदरातील जहाजांना अचूक वेळ पुरवणे हे तिचे एक काम होते. विषुववृत्ताजवळ घड्याळाची चार सेकंदांची चूक म्हणजे जहाजाच्या स्थानात एका सागरी मैलाची चूक. तरीही कप्तान सफरीत रोज काटे फिरवीत बसत नसे. आपले घड्याळ दिवसाला किती पुढे वा मागे जाते, हे त्याने आधीच टिपलेले असे. तेवढा हिशेब करून तो खरी वेळ काढी. घड्याळ चुके, पण नेमाने चुके, म्हणून त्याच्या भरवशावर शेकडो माणसांचे प्राण सोपवता येत.

नागोठण्याच्या लोकांना हे नवे वाटू नये. पूर्वी भरतीच्या पाण्यावर गलबते आंबा नदीतून या गावापर्यंत येत. भरती काही रोज एका वेळी येत नाही. दररोज सुमारे पाऊण तास उशीर करते. पण या उशिरालाही नेम आहे. कोकणातील कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो आणि निर्धास्तपणे होडी पाण्यात लोटतो. समुद्र वेळ पाळीत नाही, अशी तक्रार त्याने कधी केलेली नाही.